इंदुरात बसून एअर पिस्तुलाची वॉरंटी: कुठे चालते, कुठे अडते

दहा मीटर एअर पिस्तूल घ्यायला आलेला माणूस आधी किंमत विचारतो आणि लगेच, "वॉरंटी किती वर्षांची?" वर्षांचा आकडा सांगायला विक्रेत्याचं काहीच जात नाही. त्यापेक्षा "या पिस्तुलाच्या सिलिंडरची ओ-रिंग आत्ता तुमच्या खणात आहे का?" असं विचारून बघा; ओ-रिंग म्हणजे हवेच्या सिलिंडरच्या जोडणीतून हवा निसटू न देणारी रबरी कडी. उत्तर "आहे" आलं तर पुढचं बोलावं. "मागवून देऊ" आलं तर वॉरंटी कागदापुरती आहे असं धरून चालावं.

इंदूरच्या नेमबाजी रेंजवर जी नावं कानावर पडतात त्यांतलं एकही कारखान्याचं घर भारतात नाही. स्टायर स्पोर्ट ऑस्ट्रियात एर्न्स्टहोफेनला, मोरिनी स्वित्झर्लंडमधल्या बेडानोला, वॉल्थर जर्मनीत उल्मला, फाइनवेर्कबाऊ तिथेच ओबर्नडॉर्फला आणि पारदिनी इटलीत लिदो दी कामायोरेला. हॅमर्लीचं एपी २० बरेच नवशिके घेतात. हॅमर्ली आणि वॉल्थर ही दोन्ही नावं आता उमारेक्स या एकाच जर्मन समूहाची आहेत. तेव्हा इंदूरच्या ग्राहकाचा खरा व्यवहार होतो तो आयातदाराशी. कारखाना चांगला असून आयातदार ढिला असेल तर सेवा ढिलीच मिळते. हे परीक्षण त्यामुळे पिस्तुलांच्या नेमापेक्षा त्यांच्या मागच्या सेवेचं आहे आणि तेही इंदूरच्या बाजूने पाहिलेलं.

पहिला गोंधळ "दोन वर्षं" या शब्दांचा. युरोपात ग्राहकाला कायद्याने दोन वर्षांची हमी मिळते, पण ती जबाबदारी माल विकणाऱ्या दुकानदाराची असते आणि तिथल्या ग्राहकासाठी असते. म्युनिकला राहणाऱ्या भाच्याने घेऊन दिलेलं पिस्तूल इथे बिघडलं, तर दाद त्या जर्मन दुकानदाराकडे मागायची, तीही बिल ज्याच्या नावावर आहे त्याने. इथला आयातदार "हे आम्ही विकलेलं नाही" म्हणाला तर त्याचं काही चुकत नाही. इथे मिळणारी वॉरंटी म्हणजे आयातदाराच्या बिलावर लिहिलेली ओळ, बस. त्या ओळीत पिस्तुलाचा क्रमांक, सिलिंडरचे क्रमांक आणि खरेदीची तारीख नसेल तर दुकानातून निघण्याआधी लिहून घ्या. खोक्यात क्रमांकासह चाचणीचं टार्गेट असतं. कारखान्यात घेतलेला तो गट (मारलेल्या छऱ्यांच्या भोकांचा पुंजका) पुढे "नळी वाकडी आहे" किंवा "गट फाकतो" या तक्रारीत एकमेव पुरावा ठरतो. ते टार्गेट खोक्यासकट माळ्यावर टाकू नका.

वॉरंटीत काय धरतात? साच्याचा दोष, चुकीचं मशिनिंग, निकामी इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, गळका रेग्युलेटर (हवेचा दाब उतरवणारा भाग). काय धरत नाहीत? सगळ्या रबरी वस्तू, ग्रिपचं लाकूड, नळीत साठलेलं शिसं, ट्रिगरची बिघडवलेली जुळणी आणि कुणीतरी आधीच उघडलेला कुठलाही भाग. रेंजवर होणाऱ्या तक्रारींत बहुतेक वेळा दोष पहिल्या यादीतला समजला जातो आणि निघतो दुसऱ्या यादीतला. म्हणून पाठवण्याआधी दोष कुठे आहे ते शोधणं हीच निम्मी दुरुस्ती.

सगळ्यांत जास्त तक्रार हवेच्या दाबाची, जो बारमध्ये मोजतात. "रात्री २०० बार होतं, सकाळी १९०." हे ऐकून लगेच पार्सल बांधू नका. मे महिन्यात दुपारी ४० अंशांच्या खोलीत २०० बार दाखवणारा सिलिंडर २५ अंशांच्या एसी रेंजमध्ये १९०च्या आसपासच दाखवणार, कारण ३१३ केल्विनचे २९८ झाले की दाब त्याच प्रमाणात उतरतो. यात गळती कुठेही नाही. भरताना घाई केली तरी हेच होतं. हवा भसाभस भरली की सिलिंडर तापतो, काटा २००ला पोचतो, आणि गार झाल्यावर दहा-पंधरा बारने खाली येतो. हळू भरा, पाच मिनिटं थांबा, मग वर भरा. उलट बाजूही लक्षात ठेवायची. २५ अंशांवर २०० बार भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ६० अंशांना पोचला तर आत २२०च्या वर दाब होतो. राजवाड्याजवळ गाडी लावून दोन तास खरेदीला जाणाऱ्यांनी सिलिंडर डिकीत ठेवू नये.

खरी गळती शोधायची तर सिलिंडर पिस्तुलावरून काढा, काटा टिपून ठेवा आणि बारा तासांनी त्याच खोलीत, त्याच तापमानाला परत वाचा. उतरला असेल तर दोष सिलिंडरमध्येच, बहुधा त्याच्या व्हॉल्व्हमध्ये. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन सिलिंडरचं फक्त तोंड त्यात बुडवा, गेज कोरडा ठेवा. बारीक गळती असेल तर बुडबुडा यायला मिनिटभर लागतो, तो टाचणीच्या डोक्याएवढा फुगून सुटतो आणि मग ठरावीक अंतराने तसेच येत राहतात. काटा उतरला नाही आणि बुडबुडाही आला नाही तर सिलिंडर निर्दोष आहे. गळती तो पिस्तुलावर बसल्यानंतरच होते, म्हणजे जोडणीच्या सीलमध्ये, रेग्युलेटरमध्ये नाहीतर फायरिंग व्हॉल्व्हमध्ये (छऱ्यामागे हवा सोडणाऱ्या झडपेत). आता छर्रा नसल्याची खात्री करून, पिस्तूल टार्गेटकडे रोखून, बोल्ट बंद करा आणि नळीच्या तोंडाशी पातळ कागदाची पट्टी धरा. पट्टी थरथरली तर हवा नळीतून निसटते आहे आणि दोष फायरिंग व्हॉल्व्हचा आहे. नाही थरथरली तर जोडणीला साबणाचं पाणी लावून बघा. एवढं करून पेल्यातल्या बुडबुड्यांचा मोबाईलवर व्हिडिओ घेतला आणि आयातदाराला पाठवला, की "आधी पाठवा, मग बघू" हे उत्तर बहुधा येत नाही. नेमका कोणता भाग लागणार हे त्यालाही तिथल्या तिथे कळतं.

जोडणीची ओ-रिंग बदलणं हे घरी करण्याजोगं काम आहे आणि त्यासाठी पिस्तूल दिल्ली-मुंबईला पाठवणं म्हणजे निव्वळ हंगाम घालवणं. सिलिंडर काढा. बोल्ट उघडा, नळी रिकामी आहे ते बघा. बॅटरीच्या उजेडात खाच नीट पाहा. जुनी रिंग एका बाजूला चपटी झालेली किंवा कडेने कुरतडल्यासारखी दिसते. ती लाकडी टूथपिकने उचलायची. सुई, टाचणी, स्क्रू-ड्रायव्हर चालणार नाही, कारण खाचेत केसाएवढा ओरखडा पडला तरी त्यानंतर नवीन रिंगही गळते, आणि ते नुकसान वॉरंटीत बसत नाही. खाच धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, पण इतकंच की ती फक्त चमकावी. शिवणयंत्राचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे, गाडीचं ग्रीस यांतलं काहीही नको. दाबाखालच्या हवेत खनिज तेल पेटू शकतं, आणि काही जातींचं रबर फुगतं ते वेगळंच. सिलिंडर हाताने घट्ट बसवायचा. पकड लावायची नाही.

रिंग सियागंजात मिळेल का? आकाराची मिळेल, जातीची मिळेलच असं नाही. आतला व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजून नेली की दुकानदार पटकन जुळणारी काढून देतो. ती सहसा काळ्या नायट्राइल रबराची, ७० शोअर कडकपणाची असते, पाण्याच्या पंपाला उत्तम. २०० बारच्या जागी ९० शोअरची लागते. मऊ रिंग दाबाने फटीत ढकलली जाते आणि तिची कड कुरतडली जाते; पंधरवड्यात गळती परत. ९०ची मागा, नसेल तर कारखान्याच्याच सील-किटची वाट पाहा. पिस्तूल घेतानाच दोन सील-किट बिलात घालून घेणं हे सगळ्यांत स्वस्त. या एका गोष्टीवरून आयातदाराची परीक्षा होते: जो किट लगेच देतो त्याच्याकडे सुटे भाग असतात. सिलिंडरच्या आतला व्हॉल्व्ह मात्र घरी उघडायचा नाही. भरलेल्या सिलिंडरला तर पान्याचा स्पर्शही नको.

इंदूरला समुद्र नाही, त्यामुळे स्कूबा डायव्हिंगवाल्यांच्या कॉम्प्रेसरची कोरडी हवा गल्लोगल्ली मिळत नाही. रेंजचा कॉम्प्रेसर, मोठी टाकी किंवा हातपंप, एवढेच पर्याय. पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर पाणी आत जातं. पंप मध्येच थांबवून दाब सोडला नाही, त्याचा फिल्टर बदलला नाही, तर ते पाणी सिलिंडरच्या तळाशी आणि रेग्युलेटरच्या स्प्रिंगवर बसतं. कारखान्यात उघडल्यावर गंज दिसतो आणि "वापरातला दोष" असा शेरा येतो. या शेऱ्याविरुद्ध भांडता येत नाही, कारण तो खरा असतो. जुलै ते सप्टेंबर शक्यतो टाकीतूनच हवा भरावी, आणि टाकीच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या ताकदीच्या चाचणीची) तारीखही तिच्या खांद्यावर वाचून घ्यावी.

रेग्युलेटर हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत महाग आणि सर्वांत जास्त छेडला जाणारा भाग. त्याचं काम २०० बारचा दाब उतरवून प्रत्येक फेरीला, म्हणजे प्रत्येक झाडणीला, तेवढाच देणं. तो बिघडला की आवाज येत नाही, हवा गळत नाही, फक्त टार्गेटवर वर-खाली दहा आणि नऊचा खेळ सुरू होतो. छऱ्याचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफशिवाय याबद्दल बोलू नये. ०.५३ ग्रॅमच्या छऱ्याने दहा फेऱ्या मोजा. निरोगी पिस्तुलात सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद फेरीत तीन-चार मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त फरक सहसा नसतो. मग पिस्तूल सिलिंडरसकट पंधरा मिनिटं तसंच ठेवा आणि एक फेरी झाडा. ही पहिली फेरी बाकीच्यांपेक्षा आठ-दहा मीटरने वेगवान आली आणि दुसरीपासून वेग जागेवर आला, तर रेग्युलेटर बंद झाल्यावरही हवा हळूहळू पुढे सोडतो आहे. बहुधा त्याच्या बैठकीत कण अडकलेला असतो किंवा ती झिजलेली असते. हा दोष वॉरंटीत बसतो, पण एका अटीवर: छऱ्याचा वेग जुळवणाऱ्या स्क्रूवरची कारखान्याची लाख (सील) शाबूत हवी. रेंजवरच्या "अनुभवी" दादाने तो स्क्रू पाव फेरा फिरवून दिला, की लाख तडकते आणि वॉरंटीही. वेगाचे आकडे तक्त्यात लिहून, छऱ्याचं नाव आणि खोलीचं तापमान टाकून पाठवलं तर कारखान्याचे तंत्रज्ञ नीट उत्तर देतात. "शॉट वर जातो" एवढंच लिहिलं तर नेम सुधारायचा सल्ला मिळतो.

ट्रिगरच्या तक्रारी बहुतेक स्वतः ओढवून घेतलेल्या असतात. स्पर्धेत ५०० ग्रॅमचं वजन नळी उभी धरून ट्रिगरने उचलावं लागतं आणि त्यासाठी तीनच प्रयत्न मिळतात. म्हणून माणूस ५०५ वर आणायला जातो, पहिल्या टप्प्याची लांबी, दुसऱ्या टप्प्याचा ताण आणि थांब्याचा स्क्रू एकाच संध्याकाळी फिरवतो, आणि मग पिस्तूल कॉक होत नाही. हा बिघाड नव्हे. पुस्तिकेत कारखान्याची मूळ स्थिती दिलेली असते. तिथे परत जायचं, एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, आणि प्रत्येक फेरा वहीत. स्पर्धेसाठी वजन ५१५-५२०च्या घरात ठेवावं. ५०१ वर ठेवणाऱ्यांना उन्हाळ्यात घरी पास आणि थंड हॉलमध्ये नापास झालेलं पाहायला मिळतं.

मोरिनीचं सीएम १६२ ईआय इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं आहे. त्याचं यांत्रिक भावंड १६२ एमआय. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सुटतो सुरेख. पण बिघडला तर इंदुरात त्याला हात लावणारा माणूस नाही, आणि लावूही नये. सर्किट अख्खं बदलतात. बॅटरी काढून घालणं, संपर्काच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसणं, यापलीकडे घरगुती उपाय नाहीत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच तांत्रिक बिघाड झाला, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर ती बारावी आली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ७५ मिनिटांत ६० फेऱ्या मारायच्या असताना वॉरंटी कार्ड कुणाच्या उपयोगाचं नसतं, उपयोगाचं असतं ते जुळवून ठेवलेलं दुसरं पिस्तूल. ते परवडत नाही अशा घरातल्या मुलांनी पहिलं पिस्तूल यांत्रिक ट्रिगरचंच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सेवेच्या दृष्टीने कंपनीकंपनीत फरक आहे. फाइनवेर्कबाऊच्या पुस्तिकेत सुट्या भागांचं क्रमांकासह चित्र असतं, त्यामुळे "ती छोटी स्प्रिंग" असं फोनवर समजावत बसावं लागत नाही. क्रमांक लिहिला की विषय संपला. पारदिनीचीही भागांची चित्रं मिळतात आणि यंत्रणा सरळ आहे. स्टायरचं एलपी १० आणि इव्हो १० देशात इतके आहेत की शेजारच्या रेंजवर कुणाकडे तरी जास्तीचं सील निघतंच, आणि ही सोय कुठल्याही वॉरंटीपेक्षा मोठी आहे. त्यांचा धक्का शोषणारा सरकता भाग अडकला तर तो धूळ-ग्रीसने चिकटलेला असतो. पुसून कोरडा केला की सुटतो, त्यासाठी पार्सल नको. वॉल्थरचं एलपी ५०० देखणं आणि नीट जुळणारं आहे, पण त्यात जुळवाजुळवीच्या जागा इतक्या की नवशिक्याच्या हाती ती सगळी छेडली जाते. एपी २०कडून महागड्या पिस्तुलाची अपेक्षा करू नये. सील आणि सिलिंडर सोडून त्यात दुरुस्तीवर फार खर्च करण्यात अर्थ नाही.

ग्रिपबद्दल थोडंसं. अक्रोडाचं लाकूड इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं, स्क्रू सैल पडतो, गट फाकतो आणि दोष नळीला दिला जातो. आधी ग्रिपचा स्क्रू आवळा, मग मागच्या नेमाचे स्क्रू तपासा. ग्रिपला एकदा कानस लावली की ती तुमची झाली; तडा गेला तरी कुणी बदलून देणार नाही.

सिलिंडरवर बनावटीची तारीख कोरलेली असते आणि आयुष्य दहा वर्षांचं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी खेळाडूवरच टाकतो. वॉरंटी खरेदीच्या दिवसापासून मोजतात, हे आयुष्य मात्र कारखान्यातल्या तारखेपासून. गोदामात दोन वर्षं पडून राहिलेला सिलिंडर नव्या किमतीत घेतला तर आठच वर्षं हाती लागतात. खोकं उघडल्यावर किमतीच्या आधी ही तारीख वाचा. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर सूट मागायला लाजू नका.

पाठवायची वेळ आलीच, तर इंदूरहून पार्सल कसं जातं ते बघू. ४.५ मिलिमीटर आणि २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. १५० मीटर प्रति सेकंदाने निघालेल्या ०.५३ ग्रॅमच्या छऱ्यात सहा जूलच असतात. पण कुरिअरच्या काउंटरवरचा मुलगा "पिस्तूल" हा शब्द वाचून हात वर करतो. म्हणून शस्त्र नियम २०१६ मधल्या सवलतीचा उतारा, बिलाची प्रत, ओळखपत्र आणि "१० मीटर क्रीडा एअर पिस्तूल, परवानामुक्त, सिलिंडर रिकामा" असं सही केलेलं पत्र बरोबर ठेवा. खोटं वर्णन मुळीच नको. "मशीन पार्ट" लिहून पाठवलेलं पार्सल वाटेत उघडलं गेलं तर विमा गेला आणि पोलीस स्टेशनची फेरी पदरात. सिलिंडर काढून रिकामा करायचा, हवाई मार्गाने तर भरलेला जाऊच शकत नाही. दोष सिलिंडरमध्ये नसेल तर तो घरीच ठेवावा. छर्रे काढून टाका, बोल्ट उघडा ठेवून नारिंगी सेफ्टी फ्लॅग घाला, ट्रिगरच्या स्क्रूंची स्थिती आणि नेमाचे क्लिक लिहून घ्या, कारण परत येताना ते शून्यावर येतात. आत चिठ्ठी: दोष काय, केव्हा होतो, कोणत्या दाबावर, काय करून पाहिलं.

थेट युरोपला पाठवायचं असेल तर ते आयातदाराच्याच हातून व्हावं. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेली वस्तू तीन वर्षांच्या आत परत आली तर सीमाशुल्क पूर्ण किमतीवर न लागता दुरुस्तीचा खर्च, विमा आणि जाण्या-येण्याच्या भाड्यावर लागतं. पण जाताना शिपिंग बिलावर पिस्तुलाचा क्रमांक लिहिलेला हवा. तो राहिला, तर परत आलेलं पिस्तूल तेच आहे हे सिद्ध करता येत नाही आणि नव्या मालासारखं शुल्क भरावं लागतं. वॉरंटीत दुरुस्ती फुकट झाली तरी हे भाडं आणि शुल्क कोण भरणार, हे आधी ई-मेलवर लिहून घ्या. आयातदारांच्या सेवेत सगळ्यांत जास्त कुरबुरी नेमक्या याच ओळीवरून होतात.

वेळेचंही गणित आहे. राज्य स्पर्धा, मग मावळणकरांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा (लोकसभेचे पहिले अध्यक्ष तेच हे, नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापनाही त्यांच्याच पुढाकाराने झाली), मग वर्षअखेरीस नॅशनल, असा क्रम असल्याने पावसाळा संपताच सगळ्या देशाची पिस्तुलं आयातदाराच्या टेबलावर एकदम येऊन पडतात. सर्व्हिसिंगला द्यायचं ते नॅशनल आटोपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत.

आता परवान्याच्या हत्यारांबद्दल, कारण ही विचारणा नेहमी होते. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ऐकलेलं असतं की स्मिथ अँड वेसन १ फेब्रुवारी १९८९ नंतर नव्या घेतलेल्या हँडगनना पहिल्या मालकासाठी आयुष्यभर सेवा देते, किंवा रुगर लेखी वॉरंटी न देताही दुरुस्ती करून देते. दोन्ही खरं. तिथे मालक आपलं पिस्तूल स्वतः कारखान्याला पाठवू शकतो आणि ते दुरुस्त होऊन थेट घरी येतं. सगळी ग्राहकसेवा या एका सोयीवर उभी आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. रिव्हॉल्व्हर परवान्यासकट स्वतः घेऊन अधिकृत विक्रेत्याकडे जायचं, त्याच्या रजिस्टरला नोंद करायची, पावती घ्यायची आणि कारखान्याला पाठवायचं झालं तर त्याच्याच परवान्यावर. लोहामंडीतल्या लेथवाल्याकडून पिन करून घेणं हा दोघांसाठीही गुन्हा आहे. निवडणुकीच्या काळात प्रशासन हत्यारं जमा करायला सांगतं, तेव्हा दुरुस्तीही खोळंबते.

आणखी एक कागदी अडचण. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ला बंद होऊन सात कंपन्या झाल्या आणि कानपूर-ईशापूरचे शस्त्र कारखाने कानपूरच्या एडब्ल्यूईआयएल (अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड) या कंपनीकडे गेले. जुन्या .३२ रिव्हॉल्व्हरच्या कागदांवर बोर्डाचं नाव असतं. पत्र आता नव्या कंपनीला, कारखान्याचं नाव आणि क्रमांक देऊन लिहायचं. सुटे भाग मागताना मॉडेल नेमकं सांगा. जुनी मधून मोडून उघडणारी घडण आणि २०२३मध्ये आलेल्या "प्रबल" रिव्हॉल्व्हरचा बाजूला सरकणारा सिलिंडर (गोळ्या बसतात ते चक्र) यांचे भाग एकमेकांना चालत नाहीत. सिलिंडर नळीसमोर बरोबर थांबत नाही आणि झाडताना बाजूने शिसं उडतं, असं दिसलं तर ते हत्यार लगेच बाजूला ठेवायचं आणि "अजून चालतंय" म्हणून एकही फेरी मारायची नाही.

आयातदार दाद देत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार इंदूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, विक्रेत्याचं दुकान दिल्लीला असलं तरी. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, नोंद करावी. कित्येक विक्रेते तेवढ्यानेच हलतात. मात्र पिस्तूल अकादमीच्या नावाने घेतलं असेल तर समोरचा "व्यावसायिक वापर" म्हणून आक्षेप घेणार. शक्य असेल तिथे बिल खेळाडूच्या नावावरच करा.

जुनं पिस्तूल घेणाऱ्यांना यांतलं फारसं काही लागू होत नाही, कारण वॉरंटी बहुधा पहिल्या मालकाबरोबरच संपते. त्यांनी सिलिंडरची तारीख, वेगाच्या स्क्रूवरची लाख आणि क्रोनोग्राफवर दहा फेऱ्या, एवढं पाहून भाव करावा. सिलिंडर मुदतबाह्य असेल तर नव्या सिलिंडरची पूर्ण किंमत त्यातून वजा करावी, आणि मूळ बिल व चाचणीचं टार्गेट मिळाल्याशिवाय बयाणा देऊ नये.